चिनी हातकागद नेमका कशाचा? तंतू ओळखण्याबद्दल सविस्तर

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. आजोळच्या ट्रंकेत एक चिनी गुंडाळी-चित्र आणि बारा छोट्या चित्रांचा अल्बम सापडला. एक विक्रेता म्हणतो दोन्ही ‘राईस पेपर’वर आहेत, दुसरा म्हणतो तुतीचा कागद आहे, तिसऱ्याने बांबू सांगितलं. प्रयोगशाळेत हे नक्की कळतं का, त्यासाठी चित्राचा किती तुकडा द्यावा लागतो, आणि आलेल्या उत्तरावर किती विसंबायचं?

कळतं. तुकडा असा तोडावा लागत नाही, कडेचे थोडे सुटे तंतू मिळाले तरी भागतं. विसंबण्याचं मात्र जरा लांबण लावून सांगावं लागेल, कारण खरी गोची तिथेच आहे.

गेली सव्वीस वर्षं मी जुने कागद दुरुस्त करते. बहुतेक काम आपल्याकडच्या मोडी दफ्तरांचं, म्हणजे जुन्नरी आणि दौलताबादी कागदांचं. चिनी कागद अधूनमधून येतात, आणि आले की मला आनंद होतो, कारण आपल्या कागदात बहुधा ताग, सन, चिंध्या, जुनी गोणपाटं यांचाच खेळ असतो. चिनी कागदात मात्र साल, बांबू, पेंढा, भांग, वेली असं सगळं रान सापडतं.

आधी तो ‘राईस पेपर’ बाजूला करू. या नावाखाली दोन अगदी वेगळ्या वस्तू विकल्या जातात आणि तुमच्या ट्रंकेत बहुधा दोन्ही आहेत.

अल्बममधली चित्रं वीत-दीड वीतभर, रंग दाट आणि किंचित उठावाचे, पान मखमलीसारखं पांढरं आणि वाकवलं की तडकेल असं वाटणारं, असं असेल तर तो कागदच नव्हे. टेट्रापॅनॅक्स नावाच्या झुडपाच्या खोडातला हा गाभा. आपल्याकडे बाशिंगं ज्याची करतात ते भेंड आठवा, झाड वेगळं, पण दिसायला तसाच. गाभ्याचा दंडगोल पाटावर फिरवत धारदार सुरीने त्याचा सलग पातळ पापुद्रा काढायचा आणि तो दाबून सपाट करायचा. एकोणिसाव्या शतकात कँटनमध्ये परदेशी गिऱ्हाइकांसाठी अशा पापुद्र्यांवर हजारोंनी चित्रं रंगवली गेली. मुंबईच्या पारशी व्यापाऱ्यांचं कँटनशी तेव्हा रोजचं येणंजाणं होतं. काही वर्षांपूर्वी मुंबईतल्या एका जुन्या घरातून माझ्याकडे आलेला अल्बम याच जातीचा होता. सोबतच्या चिठ्ठीत कुणीतरी ‘तांदळाचा कागद, ओला करून सपाट करावा’ असं लिहून ठेवलं होतं. बरं झालं, त्याआधी भिंगाखाली धरला. दहापट भिंगातसुद्धा मधमाश्यांच्या पोळ्यासारखे कोनाकोनांचे कप्पे दिसतात आणि तंतू एकही दिसत नाही. पाणी लागलं की हे कप्पे फुगतात, वाळताना आक्रसतात आणि वरचा रंग टवके होऊन निघतो. म्हणून या पानाचा नमुना घेण्याच्या भानगडीत पडू नका. भिंग पुरेसं आहे.

गंमत अशी की या ‘राईस पेपर’मध्ये तांदळाचं काहीच नाही, आणि ज्या दुसऱ्या कागदाला तेच नाव चिकटलं आहे त्यात भाताचा पेंढा खरोखरच असतो. तो म्हणजे आन्हुई प्रांतातल्या जिंग परगण्याचा शुआन कागद. (उच्चार ‘श्वेन’च्या जवळ जातो. मी ‘शुआन’ लिहिते, कारण ‘श्वान कागद’ म्हटलं की आपल्याकडे लोक भलतंच समजतात.) छिंगतान नावाच्या झाडाची आंतरसाल आणि भाताचा पेंढा हे त्याचे दोन घटक. साल जास्त तितका कागद चिवट. ‘तेजिंग’ या वरच्या प्रतीत साल सुमारे ८० टक्के धरतात, ‘मिएनल्याव’ या प्रतीत पेंढ्याचा वाटा मोठा. मिएनल्याव या शब्दाचा अर्थ ‘कापसाचा माल’, आणि त्यात कापूस औषधालाही नसतो. २००९ साली युनेस्कोने हा कागद करण्याची कला अमूर्त वारशाच्या यादीत घेतली, तेव्हापासून जो तो आपल्या कागदाला शुआन म्हणू लागला आहे.

चिनी कागदांच्या नावांवर विश्वास ठेवायचा नाही, हा धडा तिथे फार जुना आहे. वांग शिझी या सुलेखनकाराने ३५३ साली लिहिलेला सुप्रसिद्ध हस्तलेख ‘रेशमाच्या कोशाच्या कागदा’वर होता असं परंपरा सांगते. कोरियाहून येणाऱ्या चिवट, तकतकीत कागदालाही चीनमध्ये लोक कोशाचा कागद समजत. तो होता कागदी तुतीच्या सालीचा. रेशमासारखं दिसतं म्हणून रेशीम, कापसासारखं मऊ म्हणून कापूस, एवढाच त्या नावांचा अर्थ.

आता तुमच्या गुंडाळीकडे येऊ. सूक्ष्मदर्शकाच्या आधीच एक चूक होऊ शकते आणि ती भल्याभल्यांकडून होते. चिनी गुंडाळी-चित्र एका कागदाचं नसतं. चित्राचा कागद, त्याला खळीने चिकटवलेला पहिला अस्तराचा कागद, त्यामागे आणखी एक-दोन थर, बाजूच्या पट्ट्या, आणि मधल्या काळात कुणी दुरुस्ती केली असेल तर तिची ठिगळं. दुरुस्तीला बहुधा जपानी कागद वापरतात. तुम्ही मागच्या बाजूचा सुटलेला धागा उचलून दिलात आणि अहवाल ‘तुती कुळातली साल’ असा आला, तर तो अहवाल चित्राबद्दल बोलतोय की मागच्या वर्षीच्या ठिगळाबद्दल, हे कुणी सांगायचं? म्हणून नमुना कुठल्या थरातून, कुठल्या कोपऱ्यातून घेतला याचा फोटो नमुन्यासोबत असलाच पाहिजे. तो नसेल तर मी नमुना परत पाठवते.

नमुना घेण्याची माझी पद्धत साधी आहे. कडेला, जिथे कागद आधीच विसविशीत झालाय, तिथे बारीक ब्रशने पाण्याचा एक थेंब ठेवायचा, मिनिटभर थांबायचं आणि चिमट्याने चार-दोन तंतूंचा पुंजका ओढून घ्यायचा. मोहरीच्या दाण्याएवढा झाला तर चंगळच. तो परीक्षानळीत पाण्यात उकळते. चित्रकारांसाठी फटकी (तुरटी) आणि सरस लावून ‘पिकवलेला’ शुआन असेल तर नुसत्या पाण्याने तंतू सुटत नाहीत. मग अगदी सौम्य, एक टक्क्याचा कॉस्टिक सोडा, एक उकळी, आणि नंतर भरपूर पाण्याने धुणं. काचपट्टीवर दोन सुयांनी तंतू एकमेकांपासून सोडवायचे. इथे घाई केली तर सोबतच्या बारीक पेशी पाण्याबरोबर वाहून जातात. पुढे लक्षात येईल की आपल्याला खऱ्या अर्थाने त्याच हव्या असतात.

मग रंग. जगभर अजून चालतो तो हर्ट्‌झबर्गचा झिंक क्लोराइड-आयोडीन रंग. २० ग्रॅम कोरडं झिंक क्लोराइड १० मिलिलिटर पाण्यात, २.१ ग्रॅम पोटॅशियम आयोडाइड आणि ०.१ ग्रॅम आयोडीन ५ मिलिलिटर पाण्यात, दोन्ही एकत्र करून रात्रभर निवळू द्यायचं, वरची निवळ काळ्या बाटलीत काढायची आणि तिच्यात आयोडीनचा एक कण टाकून ठेवायचा. कापूस, भांग, जवस यांचे स्वच्छ तंतू वाइनसारखे तांबडे होतात. रसायनांनी शिजवून लिग्निन (लाकडाला ताठरपणा देणारं द्रव्य) काढलेले लाकडाचे किंवा गवताचे तंतू निळे-जांभळे होतात. लिग्निन उरलेलं असेल तिथे पिवळं. हे ऐकायला सोपं वाटतं. सुरुवातीच्या वर्षांत मी एकदा जुन्या बाटलीतला रंग वापरून सलग अकरा स्लाइडवर ‘निळा’ लिहिलं होतं. शेवटी माझ्याच साडीच्या सुताचा धागा टाकून पाहिला, तोही निळा! तेव्हापासून दरवेळी पहिली स्लाइड ओळखीच्या कापसाची. रंग फक्त इशारा देतो. तंतूचं नाव आकारावरून ठरतं.

माझं मुख्य म्हणणं आता सांगते. चिनी कागदात तंतू एकटा क्वचितच बोलतो. बोलतात त्याचे सोबती: तंतूवरचा पापुद्रा, शेजारचे स्फटिक, पृष्ठभागाच्या पेशी, वाहिन्यांचे तुकडे. साहेबाची ओळख पटत नसेल तर बरोबर कोण आलंय ते पाहावं, तसं.

कागदी तुतीचंच घ्या. चिनी नाव चू, आणि जपानी कोझो तिचाच सख्खा भाऊबंद. तंतू लांब, सरासरी सहा ते दहा मिलिमीटर, रुंदी साधारण २० ते ३० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), आडव्या रेघा पुष्कळ. पण नुसतं एवढंच पाहिलं तर भांगेच्या तंतूशी गल्लत होईल. लक्ष द्यायचं ते तंतूभोवतीच्या पारदर्शक पापुद्र्याकडे. तो तंतूला घट्ट चिकटलेला नसतो, कांद्याच्या पातीवरच्या पातळ सालीसारखा सैल गुंडाळलेला असतो, आणि टोकाशी तंतू संपला तरी पापुद्रा थोडा पुढे लोंबतो, सैल पायमोज्याच्या टोकासारखा. नळीत फार जोराने हलवलं तर तो सुटून वेगळा तरंगतो. शेजारी कॅल्शियम ऑक्झॅलेटचे चौकोनी-तिरपे स्फटिक विखुरलेले, ध्रुवित प्रकाशात चमकणारे. पापुद्रा आणि स्फटिक एकत्र दिसले की मी ‘तुती कुळ’ लिहिते. रेशीमकिड्यांना घालतो ती साधी तुती याच कुळातली, तिलाही असा पापुद्रा असतो. मार्को पोलोने युआन काळातल्या (तेराव्या-चौदाव्या शतकातल्या) नोटा तुतीच्या सालीच्या असल्याचं लिहिलंय, तर चिनी भाषेत नोटांना ‘चूचं चलन’ म्हणत. दोन्हीत खरं कोण, हे जुन्या, कुटलेल्या कागदात नुसत्या सूक्ष्मदर्शकाने ठामपणे सांगणारा माणूस भेटला की मी जरा सावध होते.

छिंगतानचा तंतू पाहिला की एकदम हलकं वाटतं. अगदी बारीक, साधारण दहा मायक्रॉन, लांबी तीनेक मिलिमीटर, सगळीकडे सारखा, केसासारखा सरळ. त्याच्याबरोबर भाताचा पेंढा असेल तर सोबती ओरडून सांगतात. भाताच्या पानाच्या वरच्या थरातल्या पेशी करवतीच्या पात्यासारख्या दातेरी असतात. जेमतेम एक मिलिमीटरचे आखूड, अरुंद तंतू, मधे पिंपासारख्या मोठ्या पातळ पेशी, आणि त्या करवती. बारीक लांब साल-तंतू आणि दातेरी पेशी एकाच स्लाइडवर आल्या की शुआनचा संशय घ्यायला हरकत नाही. एक गमतीची नोंद: छिंगतान पूर्वी एल्म कुळात धरत, नव्या वर्गीकरणात तो भांगेच्या कुळात गेला. सूक्ष्मदर्शकाखाली छिंगतान आणि भांग यांचं काडीचंही साम्य नाही. त्यामुळे अहवालात ‘भांग कुळ’ एवढंच लिहिलं असेल तर लिहिणाऱ्याला फोन करा.

बांबूचे तंतू सुयांसारखे ताठ, जाड भिंतीचे, टोकदार, सरासरी दीड ते दोन मिलिमीटर. सोबत ठिपके-ठिपके पडलेल्या रुंद वाहिन्यांचे तुकडे आणि आयताकृती पेशींचे ढीग. करवती नाहीत. फूयांग, ज्याज्यांग, यानशान या सगळ्या गावांचा बांबू-कागद बघताना मला हेच दिसतं. बांबूची जात कुठली हे स्लाइड सांगत नाही. १६३७ साली सोंग यिंगशिंग या चिनी लेखकाने बांबू-कागदाची कृती लिहिली आहे. कोवळे बांबू शंभरहून अधिक दिवस पाण्यात मुरवायचे, कुटून वरची साल काढायची, चुन्यात घोळवून आठ दिवस आठ रात्री शिजवायचे. एवढं करूनही लिग्निन थोडं उरतंच, आणि त्यावर हर्ट्‌झबर्ग हिरवट-पिवळा ते निळा असा हवा तसा डोलतो. एकाच कागदात तीन छटा दिसल्या तर घाबरू नका. कारागिराच्या भट्टीत आच सगळीकडे सारखी लागत नाही.

भांग आणि रॅमी (सालीच्या धाग्यासाठी लावतात ते एक झुडूप) हे सर्वांत जुने. १०५ साली त्साय लुनने (कागदाचा जनक मानतात तो दरबारी अधिकारी) सम्राटाला कागदाची हकीगत सांगितली तेव्हा साल, भांगेचे तुकडे, चिंध्या आणि मासेमारीची जुनी जाळी असा माल नोंदला गेला. पुस्तकात भांगेच्या तंतूची लांबी १५ ते २५ मिलिमीटर असते आणि रॅमीची त्याहून कितीतरी जास्त, शंभराच्या पुढे. जुन्या कागदात ही लांबी निरुपयोगी, कारण चिंध्या कापून आणि कुटूनच लगद्यात जातात. पण टोक पाहा. निसर्गाने संपवलेलं टोक गोलसर किंवा किंचित दुभंगलेलं असतं, कात्रीने किंवा कुऱ्हाडीने संपवलेलं टोक ताड्‌कन तुटलेलं दिसतं. असे तुटके तंतू आणि त्यात एखादा पिळलेला सुताचा दोरा दिसला की आधी कापड होतं, मग कागद झाला. भांग की जवस असा वाद पडला तर ध्रुवित प्रकाशात लाल पट्टी घालून तंतू फिरवायचा. भिंतीतल्या सूक्ष्म धाग्यांचा पीळ भांगेत एका बाजूला आणि जवस-रॅमीत उलट बाजूला, त्यामुळे एकाच दिशेला धरल्यावर एक निळा दिसतो, दुसरा नारिंगी. याला हर्झोगची चाचणी म्हणतात. करून बघा, शाळकरी मुलासारखी मजा येते. भांगेच्या सोबतच्या पेशींत चांदणीसारखे स्फटिकांचे गोळे सापडले तर सोन्याहून पिवळं, कारण जवसात ते नसतात.

उरलं डॅफ्नीचं कुळ. नेपाळचा लोकता कागद तुम्ही हाताळला असेल, त्याच घराण्यातली झुडपं: युन्नानच्या लीज्यांगमध्ये नाशी जमातीच्या पुरोहितांच्या पोथ्यांचा कागद, तिबेटमध्ये स्टेलेरा या विषारी झुडपाच्या मुळांचा कागद. तंतू मधेच फुगतो, भाकरी गिळलेल्या सापासारखा, आणि दोन्ही टोकांना अरुंद होतो. टोकं वेडीवाकडी. हर्ट्‌झबर्गने मळकट हिरवा-करडा. कुळ ओळखणं सोपं, आतली जात वेगळी करणं अवघड. तांग काळातल्या सुप्रसिद्ध वेली-कागदाबद्दल विचाराल तर मी फार काही बोलत नाही. शान नदीकाठच्या वेली कागदासाठी तोडतोडून संपल्याचं दुःख तेव्हाच्या एका लेखकाने लिहून ठेवलंय, पण ‘वेल’ हा शब्द एका वनस्पतीचं नाव नव्हे, आणि आज बाजारात ‘वेलीचा कागद’ म्हणून येणाऱ्या बहुतेक तुकड्यांत मला तुतीचा पापुद्रा दिसलाय.

लगद्यात घालायचा चिकट रस स्लाइडवर कधीच दिसत नाही. शुआनसाठी जंगली किवीच्या वेलीचा रस घालतात, इतरत्र भेंडीच्या भाऊबंदापैकी एका झुडपाच्या मुळांचा. आपल्याकडे गुऱ्हाळात रस निवळायला भेंडी घालतात. तिथे तोच चिकटपणा तंतूंना पाण्यात तरंगत ठेवायला कामी येतो, म्हणजे ते एका जागी गोळा होत नाहीत. कागद वाळेपर्यंत त्याचं काम संपलेलं असतं.

हे सगळं कुणी सुरू केलं तेही सांगते, कारण आपण वापरतो त्या लिग्निनच्या लाल चाचणीला त्याचंच नाव आहे. व्हिएन्नाचा वनस्पतिशास्त्रज्ञ युलियुस विझनर. १८८७ साली त्याने इजिप्तच्या फायूममधल्या अरबी कागदांचे तंतू पाहून दाखवलं की ‘कापसाचा कागद’ म्हणून युरोपात शतकानुशतकं गाजलेली वस्तू जवसाच्या चिंध्यांची आहे. मग पुरातत्त्वज्ञ ऑरेल स्टाइनने मध्य आशियातून आणलेले कागद त्याच्याकडे आले. आधी खोतानचे, ज्यांत चिंध्या आणि सालीची भेसळ होती. नंतर १९०७ साली वायव्य चीनमधल्या दुनहुआंगजवळच्या टेहळणी बुरुजात सापडलेली सोग्दियन (मध्य आशियातल्या) व्यापाऱ्यांची चौथ्या शतकातली पत्रं. १९११ साली विझनरने सांगितलं की हा निव्वळ चिंध्यांचा कागद आहे. चिंध्यांपासून कागद ही अरबांची किंवा युरोपची कल्पना, असं तोवर मानत. सूक्ष्मदर्शकाखालच्या एका थेंबाने तो समज गेला.

उलटं उदाहरणही आहे. १९५७ साली शीआनजवळ बाछ्याव इथे एका कबरीत कांस्याच्या आरशाखाली भांगेच्या तंतूंचे थर सापडले. कागदाच्या इतिहासाचे अभ्यासक पान जीशिंग यांनी ते त्साय लुनच्या आधीचा कागद असल्याचं मांडलं. तंतू भांगेचे होते यावर वाद नव्हता. वाद असा की ते कापलेले, कुटलेले, पाण्यातून गाळून घेतलेले आहेत, की आरशाखाली घातलेली नुसती गादी आहे? विरोधकांना तंतूंच्या टोकांवर कुटल्याच्या खुणा दिसल्या नाहीत. म्हणजे वनस्पती ओळखली तरी ती वस्तू कागद आहे हे सिद्ध होत नाही.

तसंच तंतू वय सांगत नाही. फक्त खोटं पकडतो. लाकडाचा तंतू, ज्यावर खिडक्यांसारखी किंवा गोल कडीची छिद्रं असतात, मिंग काळाच्या (१३६८ ते १६४४) म्हटलेल्या चित्राच्या मूळ कागदात सापडला तर विषय संपला. लाकूड दळून लगदा करायची युक्ती १८४० च्या दशकातली आणि रसायनांनी शिजवलेला लाकडी लगदा त्याच्याही नंतरचा. आजच्या स्वस्त ‘शुआन’मध्ये लाकूड नेहमी सापडतं, शिवाय एक गवत, ज्याला तिथे ‘ड्रॅगनची दाढी’ म्हणतात. वनस्पतिशास्त्रात ते आपलं सबई. ओडिशात ज्याचे दोर वळतात आणि बंगालच्या कागद गिरण्यांनी वर्षानुवर्षं वापरलं, तेच. चिनी चित्रकाराच्या नव्या कागदात मयूरभंजच्या बाजारातलं गवत भेटलं तेव्हा मी खुर्चीत बसून हसले होते.

तुम्ही यंत्रांबद्दलही विचारलं असतंत म्हणून आधीच सांगते. इन्फ्रारेडने तंतूची जात ओळखायला जाऊ नका. सगळं सेल्युलोजच, आलेख जुळ्या भावंडांसारखे. लिग्निन, सरस, फटकी यांच्यासाठी ठीक. तापवून वाफेतले रेणू वेगळे करून तोलणारी पायरोलिसिस पद्धत जास्त उपयोगी, कारण सालीत उरलेले काही टर्पीनसारखे पदार्थ कुळांत फरक दाखवतात. पण तिच्यात नमुना जळून जातो आणि तुलनेसाठी खात्रीचे नमुने लागतात. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातली चित्रं देखणी असतात आणि पाहुण्यांना दाखवायला बरी, तरी दातेरी पेशी मला साध्या शंभरपटीतही दिसतात. डीएनए चुन्यात शिजून, उन्हात महिनोन्‌महिने वाळून फारसा शिल्लक राहत नाही. अतिनील दिवा मात्र जरूर लावा, त्याला काही तोडावं लागत नाही. दुनहुआंगच्या पोथ्या, ८६८ सालचं छापील वज्रसूत्रही, ज्या पिवळ्या रंगाने रंगवलेल्या आहेत तो एका झाडाच्या सालीतला. त्यातलं बर्बेरीन म्हणजे आपल्या दारुहळदीतलंच द्रव्य, आणि ते अतिनील प्रकाशात लख्ख पिवळं चमकतं.

टक्केवारीबद्दल एकच गोष्ट. ‘साल ६२.४ टक्के, पेंढा ३७.६ टक्के’ असा दशांशातला अहवाल आला तर हसून घ्या. मोजणी रेषा ओलांडणाऱ्या तंतूंची होते, मग प्रत्येक जातीच्या वजनाचा गुणक लावतात, आणि वर सांगितल्याप्रमाणे बारीक पेशी धुण्यात गेल्या की पेंढा कमी भरतो. पाच-दहा टक्के इकडेतिकडे धरूनच चाला.

आता तुमचं काम. अल्बमला भिंग लावा, फोटो काढा, आणि त्याला पाण्यापासून आणि लॅमिनेशनवाल्यापासून लांब ठेवा. गुंडाळी आधी पाठीमागून दिव्यासमोर धरा. कागद गाळायच्या, बांबूच्या चिपांच्या चटईच्या बारीक समांतर रेघा दिसतात का बघा, आणि किती थर आहेत ते मोजा. नमुना खालच्या दांडीजवळच्या कडेतून, थरागणिक वेगळा, प्रत्येकाची वेगळी पुडी, पुडीवर शिसपेन्सिलीने जागा आणि थर. प्रयोगशाळेला दोन गोष्टी आधी विचारा: तुलनेसाठी खात्रीच्या ओळखीचे चिनी तंतू तुमच्याकडे आहेत का, आणि स्लाइडचे फोटो अहवालासोबत देणार का? माझ्या कपाटात कागदी तुतीची साल देहरादूनहून मागवलेली आहे, बांबू कोकणातला, पेंढा भोरच्या शेतातला, आणि दर पावसाळ्यात बुरशी धरते म्हणून शिव्या देत मी त्या डब्या पुन्हा भरते. त्यांच्याशिवाय स्लाइडवर नाव लिहायचा धीर मला अजून होत नाही. अहवालात ‘तुती कुळातला साल-तंतू, पापुद्रा व स्फटिक दिसले, जात ठरवता येत नाही’ असं वाक्य आलं तर तो चांगला अहवाल समजा. ‘मिंग काळातला अस्सल शुआन’ असं आलं तर पैसे परत मागा.